ड्रॅग रेडियल टायर

ड्रॅग रेडियल हा ड्रॅग शर्यतीसाठी बनविलेला, परंतु सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास कायदेशीर मान्यता असलेला मोटारीचा टायर होय. त्याचे रबर सामान्य टायरच्या रबरापेक्षा पुष्कळ मऊ असते, नक्षी विरळ व उथळ असते आणि आतील सांगाडा रेडियल पद्धतीचा असतो. थांबलेल्या स्थितीतून सरळ रेषेत सुटताना इंजिनाची जास्तीत जास्त शक्ती रस्त्यावर उतरविणे, हा त्याचा मुख्य उद्देश आहे. हे टायर प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाले आणि तेथेच त्यांचा सर्वाधिक वापर होतो.

साधारणपणे ४०० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत सामान्य टायर सुटतानाच जागच्या जागी फिरू लागतात. अशा मोटारींचे मालक शर्यतीच्या दिवसासाठी, किंवा कायमचे, मागच्या चाकांना ड्रॅग रेडियल बसवितात. मात्र कोरड्या धावपट्टीवर पकड देणारे गुणच ओल्या किंवा थंड रस्त्यावर धोक्याचे ठरतात. त्यामुळे ड्रॅग रेडियलची निवड करताना वेगाइतकाच सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो.

संज्ञा व वर्गीकरण

टायरच्या सांगाड्यातील दोऱ्यांच्या मांडणीवरून टायरांचे दोन मुख्य प्रकार पडतात. दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरकस छेदून जात असतील, तर त्यास बायस-प्लाय टायर म्हणतात. भारतातील मालवाहतुकीच्या व्यवसायात हाच प्रकार 'नायलॉन टायर' या नावाने ओळखला जातो. दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काटकोनात जात असतील व त्यांवर पोलादी तारांचे पट्टे असतील, तर तो रेडियल टायर होय.

ड्रॅग शर्यतीत वापरले जाणारे टायर पुढील गटांत मोडतात :

• स्लिक : नक्षी नसलेला, पूर्णपणे गुळगुळीत टायर. हा केवळ शर्यतीसाठी असून रस्त्यावर वापरण्यास मनाई असते. तो बायस-प्लाय किंवा रेडियल असू शकतो.
• रस्ता-मान्य बायस-प्लाय टायर : स्लिकसारख्याच रबराचा, नावापुरत्या खाचा असलेला टायर.
• ड्रॅग रेडियल : रस्ता-मान्य रेडियल टायर. यातही एका टोकाला जवळजवळ स्लिकसारखे, तर दुसऱ्या टोकाला बऱ्यापैकी नक्षी असलेले, रोजच्या वापराकडे झुकणारे टायर आढळतात.

बोलभाषेत झिजून 'गोटा' झालेल्या टायरला आणि स्लिकला एकाच मापाने मोजले जाते. पण दोहोंत मूलभूत फरक आहे. झिजलेल्या टायरचे रबर उष्णतेने व वयाने कडक झालेले असते, तर स्लिकचे रबर मुद्दाम मऊ व चिकट ठेवलेले असते.

इतिहास

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ड्रॅग शर्यतींचा प्रसार झाला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि रस्त्यांवरील बेकायदा शर्यतींना पर्याय म्हणून बंदिस्त धावपट्ट्यांवरील स्पर्धांना शिस्त लावली. शर्यतीचे प्रमाण अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, ठरले. त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २०१ मीटर अंतराच्या शर्यतीही होतात. प्रारंभी स्पर्धक जुन्या टायरांवर गुळगुळीत रबराचा थर चढवून ते वापरीत. १९५० च्या दशकात एम अँड एच या कंपनीने खास ड्रॅग शर्यतीसाठी टायर बनविण्यास सुरुवात केली. १९६० साली बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी ४०० मैलांचा वेग ओलांडणारे मिकी थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये स्वतःच्या नावाची टायर कंपनी सुरू केली. हे सर्व टायर बायस-प्लाय होते.

रेडियल टायर मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ साली पेटंट घेऊन पुढे बाजारात आणला. अमेरिकेत तो १९७० च्या दशकात सर्वत्र रूढ झाला. तथापि ड्रॅग शर्यतीत त्याचा शिरकाव उशिरा झाला. १९९० च्या दशकात बीएफगुडरिच कंपनीने रस्ता-मान्य ड्रॅग रेडियल बाजारात आणला. त्यानंतर निट्टो, मिकी थॉम्पसन, हूझियर, टोयो व एम अँड एच या कंपन्यांनीही असे टायर काढले.

लवकरच केवळ ड्रॅग रेडियलवर धावणाऱ्या मोटारींचे स्वतंत्र गट अस्तित्वात आले. 'एक्स२७५' या गटाचे नावच त्यात वापरल्या जाणाऱ्या २७५ मिलिमीटर रुंदीच्या टायरवरून पडले आहे. जॉर्जिया राज्यातील साउथ जॉर्जिया मोटरस्पोर्ट्स पार्क येथे होणारी 'लाइट्स आउट' ही स्पर्धा रेडियल टायरवरील शर्यतींसाठी प्रसिद्ध झाली. २०१० च्या दशकात या टायरांवरील मोटारींनी २०१ मीटर अंतर ४ सेकंदांच्या आत कापले. रेडियल टायर ड्रॅग शर्यतीस अयोग्य असतो, हा पूर्वीचा समज यामुळे मागे पडला.

२०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डेमन या ८४० अश्वशक्तीच्या मोटारीस कारखान्यातूनच ३१५/४०आर१८ आकाराचे निट्टो कंपनीचे ड्रॅग रेडियल बसविलेले होते. २०२३ च्या डेमन १७० या १,०२५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत मागे ३१५/५०आर१७ आकाराचे मिकी थॉम्पसन ड्रॅग रेडियल देण्यात आले. रिमचा व्यास एक इंचाने घटवून बाजूची भिंत उंच करण्यात आली, ही बाब या टायरांच्या निवडीचे तत्त्व समजण्यास उपयुक्त आहे.

पकडीचे गणित

मोटार वेग घेऊ लागली की तिचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. सरकणारा भार मोटारीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची व त्वरण यांच्या सम प्रमाणात, तर पुढच्या-मागच्या चाकांतील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते.

चालकासह १,६०० किलो वजनाची, मागच्या चाकांवर ४५ टक्के भार असलेली, चाकांतील अंतर २.७२ मीटर व गुरुत्वमध्याची उंची ०.५२ मीटर असलेली मोटार मानू. उभी असताना तिच्या मागच्या चाकांवर ७२० किलो भार असतो. गुरुत्वत्वरणाइतक्या, म्हणजे १ जी त्वरणाने ती निघाली, तर आणखी सुमारे ३०६ किलो भार मागे येतो व एकूण भार सुमारे १,०२६ किलो होतो. या त्वरणासाठी मागच्या टायरांना सुमारे १.५६ इतका घर्षण गुणांक द्यावा लागेल.

आता घर्षण गुणांक १ असलेला टायर मानला, तर याच मोटारीचे कमाल त्वरण सुमारे ०.५६ जी इतकेच राहते. गुणांक १.५ झाल्यास ते सुमारे ०.९५ जी होते. पकड दीडपट झाली असता त्वरण दीडपटीहून अधिक वाढते, कारण वाढत्या त्वरणाबरोबर मागच्या चाकांवरील भारही वाढतो.

शक्तीच्या दृष्टीनेही हेच दिसते. ताशी १०० किलोमीटर वेगाला ०.५६ जी त्वरणासाठी चाकांपाशी सुमारे ३२५ अश्वशक्ती पुरते. त्याहून अधिक शक्ती असलेले इंजिन त्या वेगापर्यंत केवळ टायर फिरवून धूर काढते. १ जी त्वरणासाठी मात्र त्याच वेगाला सुमारे ५८५ अश्वशक्ती लागते. म्हणून मोठ्या शक्तीच्या मोटारीत इंजिनावर आणखी खर्च करण्यापेक्षा योग्य टायर बसविल्याने वेळ अधिक कमी होते.

वरील हिशेबात हवेचा रोध, चाकांची फिरती जडता इत्यादी बाबी सोडून दिल्या आहेत. तसेच मोठा घर्षण गुणांक हा टायर व पृष्ठभाग या दोहोंचा मिळून असतो. धावपट्टीवर जुन्या रबराचा थर बसलेला असतो व तीवर चिकट रसायन फवारलेले असते. साध्या डांबरी रस्त्यावर तोच टायर तितकी पकड देत नाही.

रचना व वर्तन

बायस-प्लाय टायरची बाजूची भिंत लवचीक असते. सुटताना ती सुरकुतते, पिळवटते व धक्का शोषून घेते. त्यामुळे टायर थोडा घसरला तरी पुन्हा पकड धरतो. वेग वाढल्यावर मात्र केंद्रोत्सारी परिणामाने हा टायर फुगतो, त्याचा व्यास वाढतो आणि मोटार किंचित डोलू लागते.

रेडियल टायरची घडण याहून वेगळी असते. पोलादी पट्ट्यांमुळे त्याचा रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो, व्यास जवळजवळ स्थिर राहतो आणि लोळण-रोध कमी असतो. शेवटच्या टप्प्यात मोटार अधिक स्थिर राहते व वेगही अधिक मिळतो. याचे मोल सुरुवातीला द्यावे लागते. रेडियल टायर अत्यल्प घसरणीत कमाल पकड देतो, पण ती मर्यादा ओलांडली की पकड एकाएकी सुटते व सहसा परत येत नाही. मग पाय उचलण्यावाचून चालकापुढे पर्याय नसतो. यामुळे रेडियल टायरच्या मोटारीत शक्ती एकदम न देता नियंत्रित रीतीने वाढवीत न्यावी लागते.

निवडीचे निकष

वापराचे प्रमाण

मोटार किती दिवस रस्त्यावर व किती दिवस धावपट्टीवर असते, हा पहिला विचार होय. आठवड्यातून अनेकदा रस्त्यावर येणाऱ्या, दूरचा प्रवास करणाऱ्या मोटारीस अधिक नक्षीचा व तुलनेने टिकाऊ रबराचा ड्रॅग रेडियल योग्य असतो. मोटार केवळ घर ते धावपट्टी एवढीच जात असेल, तर स्लिकच्या जवळ जाणारा टायर घेता येतो. शर्यतीचे टायर वेगळ्या रिमांवर चढवून सोबत नेणे व धावपट्टीवर पोहोचल्यावर चाके बदलणे, हा तिसरा व बहुधा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. त्यात जॅक, पाने व जागा यांची सोय करावी लागते. परंतु परतीच्या वाटेवर पाऊस आला तरी मोटारीला साधे टायर असतात.

अमेरिकेत टायरच्या बाजूवर झीज-अंक छापलेला असतो. सरकारी चाचणीतील नियंत्रण टायरचा अंक १०० मानतात. ४०० अंकाचा टायर त्या चाचणीत चौपट टिकला, असा त्याचा अर्थ होतो. रोजच्या वापराच्या टायरांचा अंक बहुधा ३०० च्या पुढे असतो, तर ड्रॅग रेडियलचा ०० पासून १०० पर्यंत असतो. त्याशेजारी छापलेली पकडीची श्रेणी ओल्या रस्त्यावरील ब्रेकच्या चाचणीवरून ठरते. तिचा कोरड्या धावपट्टीवर सुटण्याशी संबंध नसतो.

गिअरपेटी व मोटारीचे वजन

स्वयंचलित गिअरपेटीतील टॉर्क कन्व्हर्टर शक्ती हळुवारपणे पुढे देतो. अशा मोटारींना ड्रॅग रेडियल चांगले मानवतात. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत क्लच सोडताच टायरला झटका बसतो. रेडियलची ताठ भिंत तो शोषू शकत नाही, म्हणून अशा मोटारींचे अनेक चालक बायस-प्लाय टायर पसंत करतात. क्लच हळू जुळवून घेणारी साधने बसविल्यास ही अडचण काही अंशी दूर होते.

जड मोटार टायरवर अधिक भार टाकते, परंतु तिला वेग देण्यासाठी बलही अधिक लागते. त्यामुळे वजन वाढले म्हणून आपोआप पकड पुरेशी होते, असे नाही. मागच्या चाकांवर एकूण वजनाचा किती वाटा आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. टायरचा भार-निर्देशांक मोटारीच्या वजनास पुरेसा आहे, याची खात्री करून घ्यावी लागते. वेग-निर्देशांक प्रत्येक ड्रॅग रेडियलवर असेलच असे नाही, म्हणून महामार्गावरील सलग वेगासाठी निर्मात्याच्या सूचना पाहणे आवश्यक ठरते.

आकारमान व रिम

२७५/६०आर१५ या खुणेत २७५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६० हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, आर हे रेडियल रचनेचे चिन्ह व १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. यावरून भिंतीची उंची १६५ मिमी व टायरचा व्यास सुमारे ७११ मिमी, म्हणजे २८ इंच येतो. ३१५/६०आर१५ या टायरचा व्यास सुमारे ७५९ मिमी होतो.

रुंदीपेक्षा भिंतीची उंची अनेकदा अधिक निर्णायक ठरते. उंच भिंत दबते, धक्का झेलते व रस्त्याला टेकणारा भाग लांब करते. १९ किंवा २० इंची रिमवरील बुटका टायर दिसायला रुबाबदार असला, तरी सुटताना कमी उपयोगी पडतो. म्हणून शर्यतीसाठी मागे १५ किंवा १७ इंची रिम बसविण्याची पद्धत आहे. मोठ्या ब्रेकच्या आधुनिक मोटारींत लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडते. रिम विकत घेण्यापूर्वी हे अंतर मोजावे लागते.

टायर रिमच्या शिफारस केलेल्या रुंदीतच बसवावा. रिम अरुंद असल्यास टायर मध्यभागी फुगून कडा रस्ता सोडतात. रिम फार रुंद असल्यास भिंत ताणली जाऊन तिचा लवचीकपणा जातो. चाकाच्या कमानीत पुरेशी मोकळी जागा हवी. सुटताना मोटारीचा मागील भाग खाली बसत असल्यास टायर पत्र्याला घासू शकतो व घासलेला टायर वेगात फुटू शकतो.

गिअर गुणोत्तर

टायरचा व्यास बदलला की अंतिम गिअर गुणोत्तराचा परिणामही बदलतो. २८ इंची टायर ताशी २०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे १,४९० फेरे घेतो. डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७३ असल्यास सरळ गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ५,५७० फेरे घेईल. २६ इंची टायर असता हाच आकडा सुमारे ६,००० होतो. शेवटची रेषा ओलांडताना इंजिन आपल्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांजवळ असावे, असा टायर व गुणोत्तर यांचा मेळ साधतात.

व्यास वाढल्यास वेगदर्शक कमी वेग दाखवितो. २६ इंची टायराऐवजी २८ इंची टायर बसविल्यावर काटा १०० वर असताना प्रत्यक्ष वेग सुमारे १०८ असतो. आधुनिक मोटारींत चाकांच्या फेऱ्यांवरून चालणाऱ्या ब्रेक व पकड-नियंत्रण यंत्रणांनाही हा फरक जाणवतो.

पुढची चाके

मागे रेडियल टायर असल्यास पुढेही रेडियलच असावेत. दोन्ही रचनांचे टायर वळताना व ब्रेक लावताना निरनिराळे वागतात, म्हणून निर्माते मिश्रणाविरुद्ध बजावतात. शर्यतीसाठी पुढे अरुंद व हलके टायर वापरतात. परंतु मोटार थांबविण्याचे बहुतेक काम पुढचे टायर करीत असल्याने रस्त्यावर अशा टायरांनी ब्रेकचे अंतर वाढते. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारीत चारही टायरांच्या परिघांचे प्रमाण मूळचेच राखावे लागते, अन्यथा शक्ती वाटून देणारी यंत्रणा खराब होते.

धावपट्टीवरील वापर

हवेचा दाब

रस्त्यावर टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास दाब असतो. धावपट्टीवर ड्रॅग रेडियलचा दाब बहुधा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवितात. दाब कमी केल्याने टेकणारा भाग वाढतो, परंतु फार कमी केल्यास मधला भाग आत दबून केवळ कडा भार घेतात व मोटार अस्थिर होते. योग्य दाब शोधण्यासाठी अर्ध्या ते एक पीएसआयच्या टप्प्याने बदल करतात व प्रत्येक धावेची वेळ नोंदवितात. टायरच्या रुंदीभर खडूची आडवी रेघ ओढून मोटार थोडी पुढे नेल्यास रेघ कोठे पुसली जाते, यावरून टायर सपाट टेकतो की नाही ते कळते.

दाब मोजण्यासाठी कमी पल्ल्याचे अचूक मापक लागते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर १८ पीएसआयचा दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. म्हणून मोजणी दर वेळी एकाच स्थितीत करणे इष्ट असते. शर्यत संपल्यावर रस्त्यावर निघण्यापूर्वी दाब पूर्ववत करणे अत्यावश्यक आहे. कमी दाबाचा टायर महामार्गावर तापतो, आतून खिळखिळा होतो व फुटू शकतो.

बर्नआउट

धावेपूर्वी मागची चाके जागेवर फिरवून टायर तापविण्यास बर्नआउट म्हणतात. यामुळे रबर मऊ होते व त्यास चिकटलेले खडे-धूळ निघून जातात. ड्रॅग रेडियलला स्लिकच्या तुलनेत थोडाच बर्नआउट पुरतो. अति तापविल्यास रबरातील तेलकट द्रव्ये वर येऊन टायर निसरडा होतो. धावपट्टीवरील पाण्याच्या खड्ड्यातून स्लिकच्या मोटारी जातात, पण खाचा असलेल्या टायरच्या मोटारीने त्याला वळसा घालणे श्रेयस्कर असते. खाचांत साठलेले पाणी प्रारंभरेषेवर ठिबकते व स्वतःची तसेच मागून येणाऱ्याचीही पकड घालविते.

मोटारीची इतर तयारी

चांगली पकड मिळताच पूर्वी धुरात जाणारा ताण एक्सल, प्रोपेलर शाफ्ट, गिअरपेटी व डिफरन्शियलवर येतो. कमकुवत भाग अशा वेळी तुटतो. दोन्ही मागच्या चाकांना शक्ती देणारे मर्यादित-घसरण डिफरन्शियल नसेल, तर ड्रॅग रेडियलचा अर्धाच उपयोग होतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या मोटारीत चाकांचा कल शून्याजवळ आणावा लागतो, नाहीतर टायर एकाच कडेवर चालतो. शक्ती फार मोठी असल्यास टायर रिमवर सरकतो. टायर व रिम यांवर मिळून एक रेघ ओढून ठेवल्यास हे सरकणे लक्षात येते. त्यावर उपाय म्हणून कडा रिमला जखडणारी खास रिमे वापरतात.

पाऊस, थंडी आणि रस्ता

टायरच्या खाचांचे काम पाणी बाहेर काढणे हे असते. ड्रॅग रेडियलमध्ये खाचा मोजक्याच असल्याने साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो. रुंद टायर व कमी दाब यांमुळे हा धोका वाढतो. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून नासाने मांडलेल्या सूत्रानुसार तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३० पीएसआयला सुमारे ताशी ९१ किलोमीटर, तर १८ पीएसआयला सुमारे ताशी ७१ किलोमीटर वेग येतो. मोटारींच्या टायरांबाबत हे आकडे केवळ ढोबळ आहेत. परंतु दाब उतरविलेल्या टायरने पावसात घरी निघणे किती घातक आहे, हे त्यावरून समजते. मागची चाके तरंगल्यास मोटार गर्रकन फिरते व चालकाला सावरण्यास अवधी मिळत नाही.

थंडीत मऊ रबरही ताठरते व पकड लक्षणीयरीत्या घटते. गोठणबिंदूच्या खाली असे टायर चालविणे तर दूरच, ते उघड्यावर ठेवणेही टाळावे लागते, कारण रबराला चिरा पडू शकतात. कोरड्या व उबदार हवेतही वळणावर मर्यादा असतात. उंच, लवचीक भिंतीमुळे सुकाणूला प्रतिसाद मंद मिळतो. सरळ रेषेत मिळणारी पकड वळणावरही तितकीच मिळेल, असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

आयुष्य व साठवण

रस्त्यावर नियमित वापरल्यास ड्रॅग रेडियल काही हजार किलोमीटरच टिकतो. नक्षी शिल्लक असली तरी वारंवार तापून थंड झाल्याने रबर कडक होते व पकड आधीच गेलेली असते. टायरच्या बाजूवरील चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, १४२३ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. स्वस्तात मिळणारा, बराच काळ पडून असलेला टायर घेताना ही खूण पाहणे हिताचे असते. साठवण अंधाऱ्या, कोरड्या व थंड, पण न गोठणाऱ्या जागी करावी. ऊन आणि विजेच्या मोटारींतून निघणारा ओझोन वायू रबराला हानिकारक असतात.

नियम

रस्ता-मान्य टायरवर अमेरिकेच्या परिवहन खात्याची खूण असते व झीज दाखविणारे उंचवटे १.६ मिमी खोलीवर असतात. झीज तेथवर पोहोचल्यावर टायर रस्त्यासाठी बाद समजला जातो. परिवहन खात्याची खूण टायर किमान मानकांत बसतो एवढेच सांगते. तो प्रत्येक हवामानास योग्य आहे, असे ती सांगत नाही.

नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत मोटार जितकी वेगवान, तितकी सुरक्षेची अट कडक असते. शिरस्त्राण, प्रोपेलर शाफ्टभोवतीचे संरक्षक कडे, छताखालील पोलादी कमान व संपूर्ण पिंजरा असे टप्पे वेळेनुसार ठरलेले आहेत. केवळ टायर बदलल्याने मोटारीची वेळ पुढच्या टप्प्यात जाऊ शकते. मूळ डेमन मोटारीने निर्मात्याने जाहीर केल्याप्रमाणे ९.६५ सेकंदांत पाव मैल कापला. परंतु तिला पिंजरा नसल्याने त्या वेळच्या नियमांनुसार ती संस्थेच्या धावपट्ट्यांवर धावण्यास अपात्र ठरली.

भारतातील स्थिती

भारतातील मोटार क्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅली येथील विमानांच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा होत आली आहे. विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर अमेरिकेतील कायमस्वरूपी ड्रॅग धावपट्टीसारखा रबराचा थर नसतो. त्यामुळे तेथील दाबाचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. कलम ५२ मूळ नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदलांस प्रतिबंध करते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असावी लागते. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने मोटारींच्या टायरांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक केले असून २०२० पासून नव्या टायरांची आयात निर्बंधित गटात आहे. परदेशात रस्ता-मान्य असलेला टायर येथेही आपोआप मान्य ठरत नाही. त्यातच कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात जोरदार पाऊस असतो. त्या काळात घाटरस्त्यावर असे टायर वापरणे धोक्याचे ठरते.

हे सुद्धा पहा

• रेडियल टायर
• ड्रॅग शर्यत
• घर्षण
• मोटार वाहन अधिनियम, १९८८